रिंगमधली दोन मिनिटं: कुत्र्याचा स्वभाव जज कसा ओळखतो

वऱ्हाडात बैल विकत घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो. मग तो बैलाच्या पाठीवर हात ठेवतो, मागच्या बाजूनं फिरून येतो आणि जाता जाता खांद्यावरचा दुपट्टा एकदा झटकतो. बैल बुजतो का, बुजला तर किती वेळात थाऱ्यावर येतो, शिंग उगारतो का, हे त्याला पाहायचं असतं. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बैल कितीही देखणा असला तरी गर्दी पाहून बिथरत असेल तर तो पटावर कामाचा नाही. डॉग शोच्या रिंगमध्ये कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवणारा जज नेमकं हेच करत असतो. फरक एवढाच, की शेतकऱ्याला अख्खा बाजार हिंडून ठरवता येतं आणि जजच्या हाताशी एका कुत्र्यामागे जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात.

बडनेरा-अमरावतीकडे आता लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर घरोघरी दिसू लागले आहेत. मोठ्या शोसाठी नागपूरची किंवा पुण्याची गाडी धरणारे हौशी लोकही आहेत. पिल्लू घेताना ‘याचा बाप चॅम्पियन आहे’ हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. म्हणून चॅम्पियन ठरवताना स्वभाव किती आणि कसा पाहिला जातो, त्यातलं काय विश्वासार्ह आणि काय अपुरं, हे कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कुत्रं दहा-बारा वर्षं घरात राहणार असतं आणि त्या घरात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात.

शोची चौकट

आजच्या अर्थाचा पहिला डॉग शो १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला भरला. तिथं फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जाती होत्या. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीची नोंद सुरू झाली आणि प्रत्येक जातीचं एक लेखी प्रमाण ठरू लागलं. भारतातल्या केनेल क्लबची परंपरा १८९६ पर्यंत मागे जाते. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्यालय आज चेन्नईला आहे. युरोपात १९११ साली निघालेली एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना जगभरच्या जातींची दहा गटांत विभागणी करते.

जातीचं प्रमाण म्हणजे त्या जातीच्या आदर्श कुत्र्याचं वर्णन. उंची, डोकं, दात, खांदे, पाठ, शेपूट, केस, चाल यांबरोबर त्यात स्वभावाचंही एक कलम असतं. जज कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करण्याआधी प्रत्येकाची तुलना या लेखी आदर्शाशी करतो. एफसीआयच्या प्रमाणांत बाद ठरवणाऱ्या दोषांच्या यादीत आक्रमक किंवा अति भित्रं कुत्रं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर तरी स्वभाव हा शेवटी पाहायचा मुद्दा नाही. हाडापेराचा एखादा दोष असलेलं कुत्रं खालच्या क्रमांकावर जातं. चावायला धावणारं कुत्रं रिंगमधून बाहेर जातं. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमानुसार रिंगमध्ये माणसावर हल्ला करणारं कुत्रं बाद होतं आणि क्लबनं पुन्हा परवानगी देईपर्यंत त्याला शोमध्ये आणता येत नाही.

भित्रेपणा आणि आक्रमकपणा एकाच कलमात का येतात, हे समजून घ्यायला हवं. घरात आणि रस्त्यावर माणसाला चावणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळ कुत्री घाबरलेली असतात. पळायला जागा नसली, पट्टा आखूड असला किंवा कोपऱ्यात सापडलं, की घाबरलेलं कुत्रं दात वापरतं. म्हणून जाणता जज गुरगुरण्याइतकंच आकसून मागे सरण्याकडेही गांभीर्यानं पाहतो.

जजचा हात आणि जजचे डोळे

रिंगमध्ये काय घडतं ते क्रमानं पाहू. एका वर्गातली सगळी कुत्री आधी एकत्र गोल फिरतात. मग एकेक कुत्रं पुढं येतं. त्याचा पट्टा धरणारा हँडलर त्याला ठरलेल्या पवित्र्यात उभं करतो. लहान जाती टेबलावर, मोठ्या जमिनीवर. जज जवळ येतो, दात पाहतो, डोकं, खांदे, छाती, कंबर, मागचे पाय चाचपतो, नराची दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत की नाही हे तपासतो. त्यानंतर कुत्र्याला सरळ जाऊन परत आणायला किंवा त्रिकोणात पळवायला सांगतो. शेवटी सगळ्यांवर एक नजर टाकून क्रमांक देतो.

या प्रत्येक टप्प्यावर स्वभाव दिसत असतो. पहिला क्षण जज जवळ येण्याचा. अनुभवी जज थेट डोळ्यांत रोखून पाहत नाही आणि मागून अचानक हात टाकत नाही. तो समोरून किंवा किंचित तिरका येतो, कुत्र्याला आपली चाहूल लागू देतो आणि मगच हात लावतो. एवढं करूनही कुत्र्याचं वजन मागच्या पायांवर गेलं, शेपूट पोटाखाली शिरली, कान मागे चिकटले, तर ते कुत्रं जजला काहीतरी सांगत असतं. काही खुणा त्याहून बारीक असतात. समोर खाऊ नसताना वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, एक पुढचा पाय उचलून धरणं, डोकं वळवून डोळ्याचं पांढरं दाखवणं, ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. लाकडासारखं ताठ होऊन श्वास रोखणं ही त्यांतली सर्वांत धोक्याची. हात लावताच एकदम निश्चल झालेलं कुत्रं शांत आहे असं नवख्याला वाटतं. जाणता जज तिथं हात थांबवतो.

दुसरा क्षण स्पर्शाचा. दात दाखवणं, पंजा उचलणं, मागच्या भागाला हात लागणं यांतलं काहीच कुत्र्याला फार आवडत नाही. चांगल्या स्वभावाचं कुत्रं ते सहन करतं, कारण परक्या माणसाकडून आपल्याला अपाय होणार नाही याचा त्याला भरवसा असतो. तिसरा क्षण चालीचा. पट्टा सैल सोडून पळताना शेपूट जातीला शोभेल तशी वर राहते की खाली जाते, कुत्रं हँडलरच्या पायाला चिकटून चालतं की मोकळं चालतं, मागून दुसरं कुत्रं आलं की वळून त्याच्यावर जातं का, हे सगळं चालीतच दिसतं.

चौथा क्षण कुणी ठरवून आणत नाही. लाउडस्पीकर किंचाळतो, खुर्ची पडते, मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडतं. सगळीच कुत्री दचकतात, त्यात दोष काही नाही. डोळे आणि कान धड असलेलं कुत्रं दचकणारच. जजला पाहायचं असतं ते पुढचं: दचकल्यानंतर कुत्रं काय करतं. एक कुत्रं मान वळवून आवाजाकडे पाहतं, कान टवकारतं आणि पुन्हा हँडलरकडे लक्ष देतं. दुसरं पुढची पाच मिनिटं थरथरत राहतं. स्वभावातला खरा फरक या सावरण्यात आहे.

डॉबरमनच्या अमेरिकन प्रमाणात ही गोष्ट फार नेमकेपणानं मांडलेली आहे. तपासणीला उभं राहायला नकार देऊन जजपासून मागे सरणारं, मागून कुणी आलं की घाबरणारं, अचानक झालेल्या आवाजानं वाजवीपेक्षा जास्त बुजणारं कुत्रं भित्रं मानावं आणि जजनं ते रिंगबाहेर काढावं. जजवर किंवा स्वतःच्या हँडलरवर हल्ला करणारं किंवा तसा प्रयत्न करणारं कुत्रं खुनशी मानावं, त्यालाही बाहेर काढावं. दुसऱ्या कुत्र्याशी आडदांडपणा केला तर मात्र तो खुनशीपणा धरू नये. जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या कार्ल फ्रेडरिक लुईस डॉबरमन या करवसुली करणाऱ्या माणसानं ही जात राखणीसाठी घडवली. राखणीचं कुत्रं भित्रं असलं तर ते राखण करत नाही, सापडेल त्याला चावतं. प्रमाणातल्या या कडकपणाचं मूळ तिथं आहे.

एकच माप सगळ्यांना लागू नाही

लॅब्राडोरनं परक्या माणसाकडे शेपूट हलवत जावं ही अपेक्षा रास्त आहे. पारध्यानं पाडलेला पक्षी न दुखवता उचलून आणायचा आणि चार अनोळखी माणसांत वावरायचं, हे त्याचं काम. म्हणून मोठं झालेलं लॅब्राडोर माणसावर गुरगुरलं किंवा माणसाला घाबरलं तर तो गंभीर दोष धरला जातो. चाऊ चाऊकडून मात्र असं लाघवीपण कुणी मागत नाही. ती जात मुळातच अलिप्त. टेरियर जातींत काही जज दोन कुत्र्यांना सुरक्षित अंतरावर समोरासमोर आणतात. दोघांनी मान उंचावून, पायांवर ताठ होऊन एकमेकांकडे पाहावं, माघार घेऊ नये आणि तुटूनही पडू नये, असा त्यात हेतू असतो. बिळात शिरून कोल्ह्याशी किंवा घुशीशी भिडायला घडवलेल्या जातीची ती हिंमत असते.

आपल्या मातीतलं उदाहरण कारवानीचं. दख्खनच्या पठारावर, लातूर-सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ परिसरात हे सडपातळ, लांब पायांचं शिकारी कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या राखलं गेलं. आखूड केसांचं ते कारवानी, कानांवर आणि पायांवर रेशमी झुलपं असलेलं ते पश्मी. सलुकीसारख्या पश्चिम आशियातल्या जातींशी त्याचं नातं सांगितलं जातं. मुधोळ हे घोरपडे घराण्याचं मराठी संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला तिची जोडी भेट दिली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ती कॅरव्हॅन हाउंड या नावानं आहे. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत हेच कुत्रं मुधोळ हाउंड या नावानं होतं. २०१६ मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. पुढं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं राजपलायम आणि चिप्पिपराईबरोबर मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून अधिकृत नोंद केली.

हे कुत्रं घरच्या माणसांवर जीव टाकतं, पण परक्याचा हात अंगावर पडलेला त्याला रुचत नाही. शिवारात दूरवर पळणारा ससा नजरेनं टिपायचा आणि वाऱ्यासारखं सुटायचं, हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मंडपात अनोळखी माणसाकडून लाड करून घेणं हे नव्हे. लॅब्राडोरच्या मापानं मोजणाऱ्या जजला कारवानी भित्रं वाटेल. ज्या जजनं ही जात गावात, शेतात, मालकाच्या अंगणात पाहिली आहे त्याला अलिप्तपणा आणि भीती यांतला फरक कळतो. अलिप्त कारवानी मान वळवून दुसरीकडे पाहतं, पण चारी पायांवर ठाम उभं राहतं आणि तपासणी होऊ देतं. घाबरलेलं कारवानी पाठ वाकवतं, शेपूट पोटाला लावतं आणि पट्टा ओढून रिंगबाहेर जायला पाहतं. पहिल्याला दोष देणं म्हणजे जातीवर अन्याय. दुसऱ्याला जातीच्या नावाखाली सोडून देणं म्हणजे पुढच्या पिढीवर अन्याय. देशी जातींचे जज नेमताना ही ओळख असलेली माणसं शोधणं फार गरजेचं आहे.

अवस्था आणि स्वभाव

आता रिंगच्या मर्यादांकडे येऊ. रिंगमध्ये दिसते ती कुत्र्याची त्या क्षणाची अवस्था; स्वभाव ही वर्षानुवर्षं टिकणारी गोष्ट. दोन्ही एक नाहीत.

बडनेऱ्याहून नागपूरला शोसाठी निघालेल्या कुत्र्याचा विचार करा. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन राखावी लागते, नाहीतर त्याला गार्डच्या ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये ठेवतात. अंधाऱ्या खोक्यात, चाकांच्या खडखडाटात, मालकापासून दूर काही तास काढलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगमध्ये बावरलेलं दिसलं तर त्यावरून त्याच्या स्वभावाचा निकाल लावता येत नाही. शोचा हंगाम मुख्यतः थंडीचा असला तरी वऱ्हाडात फेब्रुवारीची दुपारही तापते. धापा टाकणारं कुत्रं घाबरलं आहे की त्याला उकडतंय हे ओळखणं सोपं नसतं. जवळपास माजावर आलेली मादी असली तर एरवी शहाणा असलेला नर सैरभैर होतो. हँडलरच्या हाताला सुटलेला कंप पट्ट्यातून कुत्र्यापर्यंत पोहोचतो. कानात पू झालेलं, दाढ दुखणारं किंवा खुब्याचा सांधा झिजलेलं कुत्रं हात लागताच झटका देतं. ते दुखणं असतं, स्वभाव नव्हे. अशा वेळी आधी पशुवैद्यक गाठावा. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

याची दुसरी बाजू अधिक काळजीची. वाईट स्वभाव रिंगमध्ये झाकताही येतो. पट्टा गळ्याच्या वरच्या बाजूला ताणून धरला की कुत्र्याला मान खाली घालता येत नाही. पोटाखाली जाणारी शेपूट हँडलर हातानं वर धरतो. तोंडासमोर सतत भाजलेल्या काळजाचा तुकडा असला की कुत्र्याचं लक्ष जजकडे जातच नाही. आणि रोजच्या सरावानं कुत्रं या ठरावीक विधीपुरतं निर्ढावतं: परका माणूस येणार, दात पाहणार, पाठीवरून हात फिरवणार, खाऊ मिळणार. रिंगमध्ये पुतळ्यासारखं उभं राहणारं हेच कुत्रं घरी दारावरची घंटा वाजली की पलंगाखाली शिरत असेल, तर जजला ते कळायला मार्ग नाही. म्हणून चांगला जज पट्टा सैल सोडायला सांगतो, खाऊ बाजूला ठेवायला लावतो आणि कुत्र्याला स्वतःच्या मर्जीनं उभं राहू देतो.

मोजून पाहिलेला स्वभाव

स्वीडनमध्ये या प्रश्नावर वेगळा मार्ग काढला गेला. तिथल्या कामकरी कुत्र्यांच्या संघटनेनं एक चाचणी बसवली. कुत्र्याला मोकळ्या जागेत एका ठरलेल्या वाटेनं नेतात. परका माणूस हात मिळवायला येतो, खेळायला बोलावतो. पळणारी वस्तू दिसते. मग वाटेत अचानक कपड्यांचा पुतळा उभा राहतो, नालीदार टिनावरून लोखंडी साखळी ओढल्याचा मोठा आवाज होतो, पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन माणसं हळूहळू जवळ येतात, शेवटी बंदुकीचा बार होतो. प्रत्येक वेळी कुत्रं किती दचकलं आणि किती लवकर स्वतःहून त्या वस्तूजवळ जाऊन ती हुंगायला लागलं, याची नोंद होते.

केन्थ स्वार्टबर्ग आणि ब्यॉर्न फोर्कमन यांनी या चाचणीतल्या १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वभावाचे पाच पैलू स्पष्ट दिसले: खेळकरपणा, कुतूहल व निर्भयता, पाठलागाची ओढ, माणसात मिसळण्याची वृत्ती आणि आक्रमकता. यांतले पहिले चार पैलू एकमेकांशी जोडलेले निघाले. खेळकर कुत्रं बहुधा धीटही असतं आणि माणसात मिसळणारंही. आक्रमकता मात्र यांपासून वेगळी पडली. धीट म्हणजे भांडखोर, हा आपल्याकडचा समज त्या नोंदींना धरून नाही.

२००६ मध्ये स्वार्टबर्ग यांनी ३१ जातींच्या सुमारे तेरा हजार कुत्र्यांचा अभ्यास मांडला. ज्या जातींची पैदास मुख्यतः शोसाठी होत होती, त्यांत माणसांची आणि वस्तूंची भीती अधिक आणि खेळकरपणा व कुतूहल कमी आढळलं. आक्रमकताही कमी होती. रूपासाठी जोड्या लावताना स्वभावाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचा हा स्पष्ट इशारा आहे. गुरगुरणारं कुत्रं जज बाहेर काढतो, म्हणून आक्रमकता घटते. निमूट उभं राहणारं, आतून घाबरलेलं कुत्रं मात्र निसटून पुढं जातं, चॅम्पियन होतं आणि त्याला पिल्लं होतात.

भीती रक्तातून उतरते याचा पुरावा जुना आहे. ऑस्ट्रेलियात मायकेल गोडार्ड आणि रॉल्फ बेलहार्झ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला. निवडीत बाद होण्याचं एक मोठं कारण भित्रेपणा होता आणि तो आईबापांकडून पिल्लांकडे जाताना दिसला. एक घाबरट चॅम्पियन नर अनेक माद्यांना लावला गेला, तर त्याच्या स्वभावाची किंमत पुढं कितीतरी घरांना मोजावी लागते.

कामाच्या कुत्र्यांची निवड म्हणूनच रूपावर होत नाही. मुंबई पोलिसांचा जंजीर हा लॅब्राडोर १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढू शकला. गर्दी, गोंगाट, धूर आणि भेदरलेली माणसं यांच्यात नाक जमिनीला लावून काम करत राहण्याची स्थिरता त्याच्यात होती. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. रेल्वे स्थानकांवर सुरक्षा दलाची श्वानपथकं बॅगा हुंगत फिरताना आपण पाहतो. शिट्टी वाजली, मालगाडी धडधडत गेली, कुणी शेपटीवर पाय दिला, तरी ती कुत्री कामावरून हलत नाहीत. रिंगमध्ये जज ज्याची झलक शोधतो ती ही स्थिरता.

जातीच्या नावावर निकाल नको

स्वभाव जातीवरून आधीच ठरवून टाकण्याची सवयही सोडायला हवी. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली गेली आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले गेले. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त सुमारे ९ टक्के फरक जातीनं स्पष्ट होतो, असं त्यात आढळलं. काही वृत्तींवर जातीची छाप असते, तरीही एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत मोठं अंतर असू शकतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जाती धोकादायक ठरवून त्यांची विक्री आणि पैदास रोखायला राज्यांना पत्र पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नव्हतं. चावणाऱ्या कुत्र्यांची समस्या खरी आहे आणि तिच्यावर उपाय हवाच. पण तो उपाय एकेका कुत्र्याचा स्वभाव, त्याची पैदास आणि मालकाची जबाबदारी पाहून करावा लागेल. जातींची यादी केली की हे कष्ट वाचतात, प्रश्न मात्र तसाच राहतो.

पहिले तीन महिने

रक्तातून आलेलं अर्धं, वाढवण्यातून आलेलं अर्धं, असा काटेकोर हिशेब कुणी मांडू शकत नाही. पण पिल्लाच्या वयाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे, हे अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून पुढं आलं. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. या आठवड्यांत पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना, जागांना सरावतं, ती त्याला जन्मभर ओळखीची वाटतात. याच काळात ते बंद खोलीत वाढलं तर मोठेपणी नव्या गोष्टीला घाबरतं आणि नंतर कितीही प्रेम दिलं तरी ती भीती पूर्ण जात नाही.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे या मोलाच्या काळाचा निम्मा भाग ब्रीडरच्या हाती असतो आणि उरलेला तुमच्या. बडनेऱ्यात पिल्लाला जग दाखवायला फार लांब जावं लागत नाही. जुनी वस्ती असो की नवी वस्ती, रेल्वेची शिट्टी ऐकू येते. पोळ्याला घुंगरांची बैलजोडी दारावरून जाते, लग्नसराईत बँड वाजतो. हे सगळं पिल्लाला दुरून, थोडं थोडं दाखवावं. ते खाऊ घेत राहील, खेळत राहील, इतकंच अंतर ठेवावं. घाबरलं तर जवळ ओढून नेऊ नये, दोन पावलं मागे घ्यावं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा धोका असतो, म्हणून या वयात पिल्लाला कडेवर घेऊन फिरवावं, अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जमिनीवर सोडू नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी.

पिल्लू निवडताना त्याला उताणं करून पाहणं, टाळी वाजवून पाहणं असे प्रयोग लोक करतात. त्यावर फार विसंबू नये. स्वीडनमध्येच एरिक विल्सन आणि पेर-एरिक सुंडग्रेन यांनी आठ आठवड्यांच्या जर्मन शेफर्ड पिल्लांची चाचणी घेऊन मोठेपणीच्या निकालाशी ताडून पाहिली. ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. पिल्लू मोठेपणी कामाला योग्य ठरेल की नाही, हे त्या चाचणीवरून सांगता आलं नाही. त्यापेक्षा आई पाहावी. ती पिल्लांजवळ असताना परक्या माणसाला कशी सामोरी जाते, तिच्या मालकाच्या घरी मुलं वावरतात का, बाप कुठे आहे आणि तो घरात कसा वागतो, हे विचारावं. आईला दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या माणसाकडून पिल्लू घेऊ नये, भले भिंतीवर चॅम्पियनशिपच्या रोझेट टांगलेल्या असोत. गावठी पिल्लू घरी आणतानाही हीच कसोटी लावावी.

शो भरवणाऱ्या क्लबांकडे दोन गोष्टी मागायला हव्यात. जजनं भित्रेपणामुळे किंवा आक्रमकपणामुळे कुत्रं रिंगबाहेर काढलं तर त्याचं कारण लेखी नोंदवलं जावं आणि ती नोंद पैदास करणाऱ्यांना उपलब्ध असावी. आणि चॅम्पियन नर-मादीला पैदाशीसाठी शिफारस करण्याआधी रिंगबाहेरची, स्वीडनसारखी एखादी स्वभावचाचणी घेतली जावी. टिनाचा पत्रा, लोखंडी साखळी, मोकळं मैदान आणि नोंद ठेवणारी चार जाणती माणसं एवढ्यावर तिची सुरुवात होऊ शकते. पिल्लू घेणाऱ्या वाचकानं मात्र तोवर थांबू नये. बापाचं चॅम्पियनशिप प्रमाणपत्र पाहावं, पण पैसे मोजण्याआधी आईला तिच्या घरी जाऊन भेटावं.